मांगं कोन बसते?

दारव्ह्यात करीमचाचांकडे जुने शॉकअप, म्हणजे गाडीचा दणका गिळणारे दांडे, घ्यायला गेलात, तर तुम्ही भाव विचारायच्या आधी तेच विचारायचे, "मांगं कोन बसते?"

मागच्या सीटवर कोण, यावर माल ठरायचा. सोयाबीनची पोती म्हटलं की हात झटकायचे, "पोत्याले काय दुखते? कोनतेबी लाव." एका जावयानं सासू बसते म्हणून मुद्दाम कडक जोडी मागितली. त्याला चाचांनी पायरीवरूनच हाकललं.

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, मी कारकून होतो ती कापसाची जिनिंग गिरणी महिन्यातून आठ दिवस चालायची, आणि लोक पटापट गाड्या भंगारात काढत. चाचांचं दुकान तेवढं त्या गाड्यांच्या मालानं भरलेलं. त्याचा त्यांना काडीचा आनंद नव्हता. "हे दुकान रिकामं बरं होतं," म्हणायचे.

अशात माझी माय न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, घरी नेताना दणका बसता कामा नये. आता आमचा रस्ता आणि माझी वीस वर्षांची गाडी! एका खड्ड्यात गेली की पुढच्या खड्ड्यापर्यंत नाचायची. मायला दवाखान्यातून सुट्टी मिळण्याच्या आदल्या दुपारी मी चाचांकडे गेलो.

"माय हाय मांगं," मी म्हणालो. "बसनार न्हाई, झोपनार."

चाचांनी विडी विझवली. एक जोडी लावली आणि सत्तरीचा हा माणूस मागच्या सीटवर खुशाल आडवा झाला. "चाल, यवतमाळ रोडनं."

पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज आला, "हाय अल्ला! मेली तुही माय!"

परत फिरलो. दुसरी जोडी. "आता जित्ती हाय, पन शिव्या देऊन राह्यली."

रस्त्यावरचे लोक थांबून हसत होते. माझं डोकंच सरकलं. "चाचा, कोनतीबी द्या ना! कायले घोळ घालून राह्यले?"

चाचा उठून आत गेले. दुकानात भिंतीच्या खिळ्याला कापडात गुंडाळलेली एक जोडी वर्षानुवर्षं लटकलेली होती. कुणीही मागितली की "ते विकाची न्हाई" एवढंच उत्तर मिळे. तीच त्यांनी काढली, लावली आणि पुन्हा आडवे झाले. या वेळी मागून आवाजच येईना. वळून पाहिलं, तर डोळे गच्च मिटलेले आणि गाल ओले.

"तुही चाची अशीच झोपली होती," ते म्हणाले. "पोटात लय दुखून राह्यलं होतं. म्या चालवत होतो. हर खड्ड्यात म्हने, 'धीरे चलाओ ना जी.' धीरे चालवलं तं उशीर, जोरात चालवलं तं दनका. यवतमाळ आलंच न्हाई तिले. अन् ही जोडी तवा दुकानातच होती रे. म्हनलं, लावाले घंटाभर जाईन."

मी गाडी हळूच वळवली.

दुसऱ्या दिवशी मायला घरी आणलं आणि संध्याकाळी सांगायला गेलो.

"काय म्हने माय?"

"काही न्हाई. झोपली होती."

"रस्ताभर?"

"रस्ताभर."

चाचा त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस. अजून एकदा सांग."