जुनं गिऱ्हाईक

पत्र वाचून किल्लीकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला आणि पत्र पुन्हा वाचलं. आकडा बदलला नव्हता.

"तीस टक्के!" ते कडाडले. "चौदा वर्षं मी या मोबाइल कंपनीचं गिऱ्हाईक. आता करार संपतोय, तर बक्षीस म्हणून माझा दर तीस टक्के वाढवला. आणि हे बघ, खाली काय छापलंय! नव्या ग्राहकांना पहिली दोन वर्षं निम्मा दर! एकाच कागदावर दोन्ही छापताना लाज कशी वाटली नाही?"

"कागद वाचवला असेल," बायको इस्त्री फिरवत म्हणाली.

काकांना सगळं शहर किल्लीकाका म्हणत असे, कारण शहरातलं कुठलंही कुलूप अडलं की त्यांनाच बोलावलं जाई. बोलावायचं कसं, हे त्या कुलपावरच लिहिलेलं असे. काम झालं की काका खटक्याच्या वर बोटभर रुंदीचा पिवळा स्टिकर चिकटवत. त्यावर नाव नाही, पत्ता नाही, फक्त मोबाइल नंबर. असे सहाशेहून जास्त स्टिकर शहरातल्या दारांवर होते. तो नंबर गेला तर धंदा गेला, इतकं ते समीकरण सोपं होतं.

"बाबा, चिडून काही होत नाही. याची एक पद्धत असते," लेक म्हणाली. ती औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती आणि पायऱ्या लिहिल्याशिवाय चहासुद्धा करत नसे. तिने पत्राच्या पाठीवर लिहायला घेतलं. "एक, करार संपतोय हे शांतपणे सांगायचं. दोन, दुसऱ्या कंपनीचा दर सांगायचा. तीन, सोडून जायचा विचार करतोय म्हणायचं. नुसता विचार हं, बाबा! मग ते तुम्हाला गिऱ्हाइकं थोपवून धरणाऱ्या खात्याला जोडून देतील. आणि चार, तिथे गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला."

काकांचा चेहरा उजळला. "अगं, हे तर कुलूप उघडण्यासारखंच झालं. हलका ताण द्यायचा, कान लावायचा आणि आत टिक् होईपर्यंत थांबायचं."

"आणि तुमच्या धंद्याचा पहिला नियम?" बायकोने विचारलं.

"रागात कुलूप उघडत नाही, मोडतं."

"तेवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

पहिल्या तीन पायऱ्या काकांनी उत्तम पार पाडल्या. म्हणजे मध्ये एक दाबा, चार दाबा, परत एक दाबा असं झालं आणि अकरा मिनिटं बासरीची एकच धून वाजत राहिली, पण काका टिकले. शेवटी थोपवणाऱ्या खात्यातली मुलगी लाइनवर आली.

"चौदा वर्षं आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभारी आहोत, सर. काय करता येईल ते बघते हं."

काका गप्प बसले. पलीकडून टंकलेखनाचा आवाज येत होता. लेकीने अंगठा वर करून दाखवला.

"दोन मिनिटं होल्ड करते, सर."

बासरी. दोन मिनिटांची सहा झाली.

"सर, आहात ना? अजून दोनच मिनिटं."

पुन्हा बासरी. राग मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही, पण काकांचे कान हे त्यातल्या त्यात भरवशाचं साधन होतं. आठव्या मिनिटाला ते गुलाबी होते, बाराव्याला लाल. एकोणिसाव्या मिनिटाला बासरी चुकून मध्येच थांबली आणि पहिल्यापासून सुरू झाली, तेव्हा बायकोने इस्त्री बंद करून बाजूला ठेवली.

"थांबल्याबद्दल आभारी आहे, सर. तर तुमच्यासाठी मी..."

"बंद करा!" काका गरजले. "बास झाला तुमचा तमाशा! चौदा वर्षं इमानदारीने राहणारा माणूस म्हणजे तुम्हाला काय गाढव वाटला? बंद करा माझा नंबर!"

"सर, नंबरच बंद करायचा? नक्की?"

"बाबा!" लेक ओरडली.

"नक्की! त्रिवार नक्की! आत्ताच्या आत्ता!"

टिक्.

काकांनी तो आवाज ओळखला. आत काहीतरी जागेवर बसलं होतं.

"केला बंद, सर," मुलगी हळहळत म्हणाली. "खरं तर तुमच्यासाठी मी निम्मा दर मंजूर करून आणला होता. तेवढंच सांगायचं..."

वाक्य अर्धंच राहिलं. काका ज्या नंबरावरून बोलत होते, तोच नंबर बंद झाला होता.

लेकीने पत्र उलटं करून चौथ्या पायरीखाली दोन रेघा ओढल्या.

बायकोच्या मोबाइलवरून फोन लावला, तर बंद नंबर सात दिवसांत परत सुरू करता येतो, असं कळलं. काकांचा जीव भांड्यात पडला. "फक्त ओळख पटवावी लागेल," पलीकडचा माणूस म्हणाला. "त्यासाठी तुमच्या नंबरवर एक कोड पाठवलाय. तो सांगा."

"कुठल्या नंबरवर?"

"जो बंद आहे, त्या नंबरवर."

पुढचं संभाषण बायकोने मोबाइल काढून घेऊन संपवलं.

दुपारी नवरा-बायको दोघं कंपनीच्या दुकानात गेली. आत पाऊल टाकण्याआधीच काकांची नजर काचेच्या दारावरच्या कुलपाकडे गेली. चार वर्षांपूर्वी ते त्यांनीच बसवलं होतं. वर पिवळा स्टिकर अजून जागेवर होता.

"याचा स्क्रू ढिला झालाय," ते काउंटरवरच्या टायवाल्याला म्हणाले. "दार आपटलं तर खटका अडकेल. घट्ट करून देऊ का?"

"आधी टोकन घ्या, काका."

दुकानात दुसरं चिटपाखरू नव्हतं. "टोकन कुठंय?"

"तुमच्या मोबाइलवर येईल."

काकांचे कान गुलाबी झाले. बायकोने घाईघाईने पिशवीतून कागद काढून काउंटरवर पसरले. टायवाल्याने ते चाळले आणि मान हलवली. "कोडशिवाय सिस्टिम पुढे जात नाही. त्यापेक्षा तुम्ही नवीन ग्राहक म्हणून या ना! नवा नंबर, निम्मा दर आणि पाठीवरची बॅग फुकट."

"नवा नंबर घेऊन सहाशे दारांवर चिकटवत फिरू? तुमच्या बॅगेत स्टिकर भरून?"

"तुमची मर्जी. जुना नंबर मग दुसऱ्या कुणाला तरी जाईल."

"म्हणजे लोकांची दारं अडकली की फोन एखाद्या दंतवैद्याला जाणार! अरे, माझ्या दुकानात जुनं गिऱ्हाईक आलं तर मी खुर्ची पुढे करतो, जास्त पैसे मागत नाही! चल गं, इथं माणसाला किंमत नाही."

ते तरातरा बाहेर पडले आणि त्यांनी दार आपटलं. बायको अजून कागद गोळा करत होती.

खटका अडकला.

टायवाल्याने दार ओढलं, ढकललं, खांदा लावून पाहिला. मागच्या दारासमोर छतापर्यंत खोकी रचलेली होती. मग त्याला स्टिकर दिसला. मोबाइल काढून त्याने नंबर लावला, आणि आवाज मोठा असल्यामुळे आख्ख्या दुकानाला ऐकू आलं, की हा क्रमांक सध्या सेवेत नाही.

बाहेर काकांनी काचेतून स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं.

तरी बायको आत असल्यामुळे त्यांनी खिशातून अवजारं काढली आणि ते गुडघ्यावर बसले. अवजार दोनदा कुलपावरून घसरलं. बायकोने आतून काच ठोठावली. "हात लावू नका! कान बघा आधी तुमचे! जाऊन पायरीवर बसा."

काका जाऊन पायरीवर बसले.

"अहो काकू, का थांबवलंत?" टायवाला कासावीस झाला.

"आत्ता त्यांनी हात लावला तर कुलूप मोडेल, आणि बरोबर तुमची काचही. तीस वर्षं बघतेय मी. आधी त्यांचा राग उतरायला हवा."

"मग उतरवा ना!"

"माझ्या हातात कुठंय? रागाचं कारण तुमच्या त्या पडद्यावर आहे."

"मला अधिकार नाही, काकू."

"ज्यांना आहे त्यांचा नंबर तरी सुरू आहे ना?"

एवढं बोलून ती खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि गप्प झाली. टायवाल्याने घड्याळ पाहिलं. दार पाहिलं. काकूंकडे पाहिलं. काकू त्याच्याकडे बघत होत्या, अगदी मायेने. तीन मिनिटं त्याने कळ काढली आणि मग साहेबांना फोन लावला.

सतरा मिनिटांनी पायरीवर बसलेल्या काकांच्या खिशात मोबाइल वाजला.

"हॅलो, कुलूप-किल्ली," काका सवयीने म्हणाले.

"काका, मी आतून बोलतोय," टायवाला काचेतून हात हलवत म्हणाला. "आमचं दार अडकलंय."

"आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," काका म्हणाले. "कृपया थांबा." आणि ते बासरीची धून गुणगुणायला लागले. आता ती त्यांना तोंडपाठ होती. बायकोने आतून एकदाच डोळे वटारले. धून थांबली.

हात स्थिर होता. कुलूप उघडायला चाळीस सेकंद लागले, स्क्रू घट्ट करायला आणखी वीस. बायको बाहेर आली. तिच्या हातात नवा करार होता, जुना नंबर आणि निम्मा दर. पाठीवर बॅग होती.

"बॅग कशी काय मिळाली?" काकांनी विचारलं.

"काही नाही. नुसती गप्प बसले होते."

टायवाल्याने घाम पुसला आणि पाकीट काढलं. "काका, तुमचे किती झाले?"

"नव्या गिऱ्हाइकाला निम्मे घेतो."

"अरे वा! मग..."

काकांनी पिवळ्या स्टिकरवर बोट टेकवलं. "तुम्ही जुने. चार वर्षांचे. तुम्हाला तीस टक्के वर."