न गळणाऱ्या नावेचा दोष

नाव ही पाण्यावर तरंगण्यासाठी असते, असा एक समज समाजात फार पूर्वीपासून रूढ आहे. समज निरुपद्रवी असल्यामुळे त्याकडे कोणी गांभीर्याने लक्ष दिलेले नाही. परंतु ज्याला जुनी नाव विकत घ्यायची आहे त्याने तो घरी ठेवून मगच बाजारात जावे, हे केरबाला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळले.

केरबा देगलूरच्या अलीकडच्या एका तलावावर बावीस वर्षे मासे धरत होता, आणि ही बावीसही वर्षे त्याने ट्रकच्या चाकातल्या ट्यूबवर बसून काढली होती. ट्यूब हे अत्यंत गुणी वाहन आहे. तिला डिझेल लागत नाही, डांबर लागत नाही, वल्ह्याऐवजी हातात दोन फळकुटे घेतली की भागते, आणि काम झाले की ती खांद्याला अडकवून घरी नेता येते. (नाव खांद्याला अडकवून घरी नेणारा मनुष्य अद्याप कोणी पाहिलेला नाही.) तिच्यात दोष एकच. तिच्यावर एकच माणूस बसतो. त्यामुळे केरबाची बायको नागुबाई बावीस वर्षे काठावर घमेले घेऊन उभी राहत असे. केरबा धुक्यात दिसेनासा झाला की तो आहे की बुडाला हे कळावे म्हणून ती मोठ्याने विचारी, "हाव का?" पाण्यातून "हाव" असे उत्तर आले की मग ती खाली बसे. असा हा संसार सुरळीत चालला होता.

दिवाळीच्या तोंडावर मच्छीमार संस्थेचे सचिव श्रीमंत यांनी फलकावर एक परिपत्रक लावले. सर्व सभासदांस याद्वारे कळविण्यात येते की, येत्या एक तारखेपासून तलावात ट्यूब, थर्माकोल, गुळाची काहील वा तत्सम वस्तूवर बसून मासेमारी करता येणार नाही. ज्यांजकडे नाव असेल त्यांचाच परवाना चालू राहील. नाव नसल्यास परवाना रद्द समजावा, व ज्यांचा परवाना रद्द होईल त्यांनी सदर निर्णयाचे स्वागत करावे. (नाव म्हणजे काय, हे परिपत्रकात कुठेही सांगितले नव्हते. ट्यूब म्हणजे नाव नव्हे, हे मात्र तीनदा सांगितले होते.)

केरबा सचिवांना जाऊन भेटला. "साहेब, बावीस वर्सं झाली. एकदा बी बुडालो न्हाई मी."

"तीच तर अडचण हाय," श्रीमंत हळहळले. "बुडाला असतास तर कागदोपत्री कायतरी करता आलं असतं."

नव्या नावेची किंमत विचारून केरबा घरी आला आणि दोन दिवस जुन्या ट्यूबलाच ठिगळे लावत बसला. तिसऱ्या दिवशी नागुबाईने दोन शेळ्या विकल्या, रमाई बचत गटातला स्वतःचा वाटा काढला, झालेले सव्वीस हजार रुपये पिशवीत घालून पिशवी पोटाशी धरली आणि म्हणाली, "चला, जुनी बघू."

नांदेडला नदीकाठच्या एका वखारीत बालाजी नावाचा इसम जुन्या नावा विकत असे. त्या दिवशी त्याच्याकडे तीन नावा होत्या. केरबाला नावांचा अनुभव नव्हता, पण तरुणपणी चार वर्षे तो सुताराच्या हाताखाली होता, त्यामुळे लाकूड त्याच्याशी खोटे बोलत नसे. त्याने पहिल्या नावेवर बोटाने टकटक केली. बोट आत गेले. वाळवीने एक बाजू संपवून दुसरीला हात घातला होता, तळाची फळी गायब होती, आणि त्या जागेतून वीतभर गवत उगवून त्याला एक पिवळे फूलही आले होते. केरबाला हायसे वाटले. ही आपल्याला परवडेल.

"हिचं काय सांगता?"

"बहात्तर हजार," बालाजी म्हणाला.

केरबा दुसऱ्या नावेकडे वळला. तिला नुसती मनगटभर चीर होती. ती पंचेचाळीस हजारांना होती. तिसरी नाव वखारीच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवली होती. केरबाने पोते काढले. काळीभोर, डांबर पिऊन तुकतुकीत झालेली, पोट भरून बसलेल्या म्हशीसारखी निवांत नाव. त्याने खिळा टोचून पाहिला, सांधे चाचपले, खाली वाकून वास घेतला. कुठेही खोट नव्हती. त्याने किंमत विचारायचेही धाडस केले नाही. नागुबाईने केले.

"चोवीस," बालाजी पुटपुटला आणि त्याने मान खाली घातली. तो प्रामाणिक व्यापारी होता. सदोष माल विकताना त्याला मनापासून लाज वाटे.

"भाऊ, काय घोटाळा तर करून न्हाई राहिले तुमी?" केरबा म्हणाला. "ती गळती, ती महाग काहून?"

"मामा, ती गळती म्हून महाग हाय."

"आन् ही सस्ती काहून?"

"ही गळून न्हाई राहिली ना. हिला कोन पुसतंय?"

मग बालाजीने त्यांना पाणी दिले आणि समजावून सांगितले. लग्न ठरल्यावर आणि लग्न लागण्यापूर्वी वधूवरांनी मोडक्या नावेत बसून एकमेकांकडे पाहणे हा विधी आता लातूर-नांदेडकडे साखरपुड्याइतकाच आवश्यक झाला आहे. (साखरपुड्याशिवाय झालेली लग्ने त्याला माहीत होती, फोटोशिवाय झालेले एकही नाही.) मागच्या मोसमात त्याच्या एकोणीस नावा खपल्या. त्यांतल्या सतरा फोटोवाल्यांनी नेल्या, एक धाबेवाल्याने दारात ठेवून तिच्यात कांदे भरले, आणि उरलेली एक मासे धरणाऱ्याने नेली, पण तिला भोक नाही म्हणून त्याच्या सासरच्यांनी त्याला नावे ठेवली. दरही बांधलेले होते. रंगाचे पोपडे असल्यास पाच हजार वाढ; वल्हे मोडके असल्यास तीन; तळातून गवत उगवले असल्यास सात, आणि गवताला फूल असल्यास समक्ष बोलणी.

नागुबाईने केरबाला बाजूला घेतले. "आवं, इतकं सस्तं हाय म्हंजी कायतरी असंल बगा."

म्हणून नाव नदीत उतरवण्यात आली. नागुबाईने आठवडी बाजारातून चुरमुरे आणवले, नावेच्या तळाला पसरले आणि स्वतः पाय दुमडून त्यांच्यामध्ये बसली. एक थेंब जरी आत आला तरी चुरमुरे मऊ पडणार होते. तीन तासांनी ते कुरकुरीतच निघाले. तिघांनी ते तिखट-मीठ लावून खाल्ले आणि व्यवहार पक्का झाला. उरलेले दोन हजार टेम्पोवाल्याने घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर केरबा तलावावर गेला तो पहिल्यांदाच बायकोला घेऊन. नागुबाई पुढच्या टोकाला बसली. पाण्यातून तिने गावाकडे पाहिले आणि म्हणाली, "आपलं गाव हितून बरं दिसतंय की." जाळ्याचे एक टोक धरायला दुसरे माणूस असले की हात किती कमी दुखतात, हे केरबाला त्या दिवशी कळले. मधेच धुके आले, नागुबाईने सवयीने "हाव का?" असे ओरडून विचारले, आणि मागे दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या नवऱ्याला पाहून इतकी हसली की नाव डोलली. त्या दिवशी अकरा किलो रोहू-कटला निघाला.

त्यानंतर नाव तपासणी समिती आली. (सदस्य तीन; पोहता येणारा एकही नाही.) समितीने नावेभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि शेरा लिहिला: सदर नाव काळी, टणक व नव्यासारखी दिसत असून तलावाच्या सौंदर्यास बाधा आणणारी आहे, सबब नामंजूर.

केरबाला काही उमगेना, तेव्हा श्रीमंतांनी त्याला आपुलकीने जवळ बसवले. संस्थेला मासळीतून जे मिळते त्याच्या चौपट तलावावर फोटो काढू देण्यातून मिळते. परंतु वधूपक्षाकडून तक्रारी आल्या होत्या. नवरी सूर्यास्ताकडे पाहत असते आणि तिच्या कानामागे एक माणूस टायरमध्ये बसलेला असतो. परिपत्रक त्यावरूनच निघाले होते.

"आठ दिवस देतो," श्रीमंत म्हणाले. "दोन फळ्या काढ, एक बरंसं भोक पाड. मंजूर करून टाकतो."

"साहेब, बुडंल की ती."

"बुडू दे ना. अर्धी बुडालेली तर लई भारी दिसती."

केरबा घरून छिन्नी-हातोडा घेऊन आला. नागुबाई काठावर बसून पाहत होती. त्याने पुढच्या टोकाला छिन्नी टेकवली आणि उचलली. तिथे ती बसत असे. मग मागच्या टोकाला टेकवली. तिथे तो स्वतः बसत असे. मधोमध टेकवली, तर तिथे मासळी ठेवायची. नावेत चौथी जागा नव्हती. केरबाने फळीवरून एकदा हात फिरवला, छिन्नी पिशवीत टाकली आणि म्हणाला, "परवाना गेला तर गेला."

"मग खायाचं काय?"

"ते बगू." त्याचा आवाज इतका हलका निघाला की नागुबाई उठली आणि नावेत आपल्या जागी जाऊन बसली.

आठव्या दिवशी लातूरहून प्रेम नावाचा फोटोवाला आरती नावाची नवरी, तिचा नियोजित वर आणि एक मोडकी नाव घेऊन आला. नवरीच्या झग्याला मागे तेवीस फूट लांब शेपटा होता. नाव काठाशी टेकवूनच फोटो काढायचे ठरले होते. पण प्रेमला मागे जास्त पाणी हवे होते, म्हणून त्याने ती थोडी आत ढकलली. नावेने आपले काम चोख केले. ती सावकाश, देखणेपणाने बुडाली. वधूवर ओरडू लागले तेव्हा प्रेमने एकशे चाळीस फोटो काढले, कारण इतके खरे भाव त्याला यापूर्वी कधी मिळाले नव्हते.

केरबा आणि नागुबाई काळी नाव घेऊन धावले. आधी नवरीला वर घेतले, मग शेपट्याला (त्याला जास्त वेळ लागला), मग नवरदेवाला. आरती दातावर दात वाजवत होती. नागुबाईने तिच्या खांद्यावर आपली शाल टाकली.

"मावशी, ही नाही ना बुडणार?"

"न्हाई बाई. म्हून तर सस्ती भेटली."

नवरी कोरडी होईपर्यंत सूर्य नेमका कलला आणि तांबूस उजेड पडला. एवढा उजेड वाया घालवणे प्रेमच्या तत्त्वात बसत नव्हते. याच नावेत पुढचे फोटो काढायचे ठरले. "काका, मावशी, तुम्ही तेवढं फोटोतून बाहेर व्हा," तो अदबीने म्हणाला. दोघे उतरले. नवरदेवाने वल्हे उलटे धरले आणि नाव जात्यासारखी जागच्या जागी फिरू लागली. मग तोडगा निघाला. नागुबाईने मागच्या टोकाला बसून उजेड पाडायची चंदेरी चकती तोंडापुढे धरली. केरबा नावेच्या तळाशी उताणा झोपला, त्याच्यावर तेवीस फूट झगा पसरण्यात आला, आणि एक हात बाहेर काढून तो नाव वल्हवू लागला. कापडाखाली गुदमरत होते. पण तळ पाठीला कोरडा लागत होता, आणि त्या कोरडेपणाचा त्याला अभिमान वाटत होता.

फोटो फार गाजले. संस्थेने तातडीची सभा घेऊन केरबाचा परवाना कायम केला आणि नोंदवहीत त्याची नाव "फोटोपयोगी (मासेमारीस हरकत नाही)" अशी चढवली. आता दोघे सकाळी मासे धरतात आणि रविवारी झग्याखाली व चकतीमागे असतात.

त्यांतला एक फोटो तुमच्याही बैठकीत सोफ्याच्या वरच्या भिंतीवर असेल. तुमचा नसला तर लेकीचा, भाच्याचा. किती निवांत जागा आहे, चिटपाखरू नाही, असे पाहुणे म्हणतात, आणि तुम्ही मान हलवता. एकदा खुर्चीवर चढून डाव्या कोपऱ्यात खाली पाहा. पाण्यातून चार काळी बोटे वर आली आहेत. तुम्ही त्यांना आजवर कमळाचे देठ समजत होता. आणि "काका, अजून जरा खाली व्हा" असा त्या दिवशी जो आवाज आला, तो फोटोवाल्याचा नव्हता. आठवून पाहा.