वाफ जाते कुठे?

"आई, फोटोत हे काळं काय दिसतंय? बाथरूमच्या छताला नकाशा लावलाय का?"

अरेकिपाहून कन्या यानिनाने केलेल्या या पृच्छेसरशी सोराइदाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला नेला. लिमा नगरीच्या माग्दालेना भागात, समुद्रापासून चार गल्ल्यांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे कुटुंब वास्तव्य करून होते. ऑगस्टचा, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याचा महिना होता. आकाश गाढवाच्या पोटासारखे पांढुरके झाले होते, आणि स्नानगृहाच्या छतावर बुरशीने खरोखरच एक खंड व्यापला होता.

"जराशी ओल आहे गं, बाई."

"जराशी? माझं बाळ सहा महिन्यांचं आहे, आई! इकडच्या खणखणीत उन्हात वाढलंय. पुढच्या रविवारी लिमाला येतेय. तोवर छत कोरडं झालं तर तुमच्याकडे उतरते. नाहीतर सरळ नणंदेकडे. मग या तिकडे पाहुण्यासारखे, नि बघा नातवाला चहा पिता पिता."

सोराइदाबाईंनी फोन ठेवला आणि यजमानांकडे पाहिले. यजमान फाउस्तिनो हे एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे सहायक होते. त्यांनी कधीही वर्ग शिकविला नव्हता, तथापि इमारतीत त्यांना सर्वजण प्रोफेसर म्हणत, आणि त्या संबोधनातील थट्टा त्यांच्या अद्याप ध्यानी आली नव्हती.

"ब्लीचने पुसून पुसून माझे हात सोलले," बाई म्हणाल्या. "दहा दिवसांत परत हजर! अहो, काहीतरी करा."

"वाफ कोंडते, म्हणून बुरशी धरते," फाउस्तिनो गंभीरपणे म्हणाले. "एक्झॉस्ट फॅन बसविला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ते पारुरोच्या बाजारात विजेच्या सामानाच्या एका दुकानी गेले.

"बाथरूम केवढी, काका?" दुकानदाराने विचारले.

"लांबी दोन मीटर, रुंदी दीड, उंची दोन पूर्णांक चार दशांश. एकूण सात पूर्णांक दोन दशांश घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलावी असे गृहीत धरल्यास—"

"चार इंची घ्या." दुकानदाराने पंखा चालू करून जाळीसमोर कागदाचा तुकडा धरला. कागद टपकन चिकटला. "बघा ओढ! आवाज म्हणाल तर कुजबुज."

"आणि ही वाफ जाते कुठे?"

"तुमच्या डक्टमध्ये."

"तेथून पुढे?"

"काका, मी पंखे विकतो. पुढचं वाफेला विचारा." मग त्याला दया आली. "झडपेवाला घ्या हवं तर. बाहेरची हवा उलटी घरात शिरत नाही."

"डक्ट आमच्याच इमारतीचा आहे," फाउस्तिनो किंचित दुखावून म्हणाले. "त्यात परकी हवा कोठून येणार?" आणि त्यांनी बिनझडपेचा पंखा घेतला.

इमारतीतील सर्व स्नानगृहांच्या खिडक्या मधोमध असलेल्या त्या उभ्या, अंधाऱ्या डक्टमध्ये उघडत. फाउस्तिनोंनी खिडकीची एक काच काढली, तेथे प्लायवुडची फळी बसविली, फळीस वर्तुळाकार छिद्र पाडले आणि चार तासांच्या परिश्रमांती पंखा सिद्ध केला. त्या सायंकाळी कढत पाण्याने स्नान करूनही आरशात त्यांना स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसला. अशी घटना त्या घरात प्रथमच घडत होती.

ते अंग पुसत असतानाच दारावर थापा पडल्या. वरच्या मजल्यावरील एर्लिंदाबाई हातात ब्लाउज घेऊन उभ्या होत्या.

"प्रोफेसर, हुंगा!"

"बाई, मी परस्त्रीचा—"

"हुंगा म्हणते ना! तुमचा निलगिरीचा साबण! तीन दिवस डक्टमध्ये वाळत घातलाय. आज कुठे वाळायला आला, तर खालून तुमची आंघोळ चढली त्याच्यावर!"

"आपणही पंखा बसवावा, हेच शास्त्रीय उत्तर आहे," फाउस्तिनो म्हणाले.

एर्लिंदाबाईंनी ते उत्तर मनावर घेतले आणि सहा इंची पंखा बसविला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाउस्तिनो दाढी करीत असता त्यांचा बंद असलेला पंखा आपोआप उलटा फिरू लागला, आणि त्यातून ऊन वाफ व गुलाबाच्या शांपूचा सुगंध आत आला.

"सोराइदा! एर्लिंदाबाई न्हात आहेत!"

"तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी लाटणे हाती धरूनच विचारले.

खुलासा होण्यापूर्वीच चौथ्या मजल्यावरील दंतवैद्य पालोमिनो यांनी आठ इंची पंखा आणला. आता जो कोणी स्नान करी, त्याची वाफ ज्याचा पंखा दुबळा त्याच्या घरी जाई. दुबळा पंखा एकच होता. गुरुवारपर्यंत बुरशीने दुसरा खंड पादाक्रांत केला.

"तीन दिवस राहिले," सोराइदाबाई म्हणाल्या. बाळासाठी विणलेले लोकरी मोजे त्यांनी मुकाट्याने एका पिशवीत भरले. "तिच्या नणंदेकडेच घेऊन जाऊ."

त्या पिशवीकडे पाहून फाउस्तिनोंचे अंतःकरण द्रवले. तथापि त्याहूनही प्रबळ असे एक कुतूहल त्यांस छळीत होते. उष्ण वस्तूचा धर्म वर जाण्याचा, मग ही वाफ खाली का येते? त्यांनी एक सुगंधी लाकडाची काडी पेटवून खिडकीबाहेर धरली. धूर डौलाने वर गेला, काही काळ दिसेनासा झाला, आणि चुकलेल्या पाहुण्यासारखा पुनश्च खाली आला.

"सापडले!" ते ओरडले. "डक्टचे तोंड कोणीतरी बुजविले आहे!"

त्याच संध्याकाळी त्यांनी जिन्यात सभा भरविली.

"बंधुभगिनींनो! आपल्या सर्वांच्या छतांचा नाश एका अविचारी मनुष्याने केला आहे. माझी सूचना अशी, की तो कोणीही असो, त्याने सर्वांची छते स्वहस्ते रंगवून द्यावीत."

"मंजूर!" एर्लिंदाबाई गरजल्या. "आणि दोन हात द्यायचे रंगाचे!"

"अहो," सोराइदाबाईंनी यजमानांची बाही ओढली, "ऐका ना जरा. गच्चीवर आपलं ते—"

"सोराइदा, शास्त्राच्या मध्ये बोलू नये." आणि फाउस्तिनोंनी ठरावाखाली सर्वप्रथम स्वाक्षरी केली.

सर्वजण गच्चीवर गेले. एका कोपऱ्यात मोडका खुराडा होता. त्याच्या पुढे, डक्टच्या तोंडावर, चार दगडांखाली एक भलामोठा फळा आडवा पडला होता. फळ्यावर पांढऱ्या तैलरंगात शाळेचे नाव होते, आणि त्याखाली ठळक अक्षरे होती: 'प्रयोगशाळा. हलवू नये.'

फाउस्तिनोंना बारा वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला. त्यांनी गच्चीवर गिनीपिग पाळले होते, आणि पिल्ले डक्टमध्ये पडू नयेत म्हणून शाळेने टाकून दिलेला फळा आणून पसरला होता. शेवटचे गिनीपिग यानिनाच्या लग्नात तेथील रीतीप्रमाणे तळून वाढले गेले. फळा मात्र राहिला.

"मी कितीदा पाहिला हा," पालोमिनो म्हणाले. "म्हटलं, प्रोफेसरांचा काही प्रयोग चालू असेल."

"मेल्या प्रोफेसर!" एर्लिंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणून माझ्या बाथरूममध्ये अंधार! मला वाटलं माझीच नजर गेली. दोनदा चष्मा बदलला हो मी!"

"मी मघाशी तेच सांगत होते," सोराइदाबाई हळूच म्हणाल्या.

फळा उचलताच डक्टने बारा वर्षांचा उसासा टाकला. निलगिरी, गुलाब, तळलेला मासा, सगळे एकदम वर आले आणि धुक्यात निघून गेले.

रविवारी यानिना आली. तोवर पहिले छत, म्हणजे घरचे, पुसून, कोरडे होऊन, रंगवूनही झाले होते. लोकरी मोजे पिशवीतून निघून बाळाच्या पायांत चढले होते. तिने बाळाला कडेवर घेऊन स्नानगृहात वर पाहिले.

"वा, बाबा! पंखा कामाचा निघाला की." तिने बटणाकडे पाहिले. "पण हा तर बंद आहे. मग फिरतोय कसा?"

पंखा खरोखरच मंद, सरळ दिशेने फिरत होता, आणि बाळ डोळे विस्फारून त्याकडे पाहत होते.

"ते गिनीपिगांना विचार," सोराइदाबाई म्हणाल्या.

आयुष्यात प्रथमच एखादा शास्त्रीय प्रश्न कानी पडूनही फाउस्तिनोंनी त्याचे उत्तर दिले नाही. त्यांनी नातवाचा गालगुच्चा घेतला, रंगाची बादली उचलली आणि ते एर्लिंदाबाईंकडे दुसरा हात द्यायला गेले.