दौलतनानांची बाटली

दौलतनाना गोडेतेल आणायला गेले तरी आधी बाटली उन्हात धरायचे, मग बूच हुंगायचे आणि मान हलवून म्हणायचे, "न्हाई. ही बाटली बोलंना." इस्लामपुरातले दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की बाटल्या मागे सरकवत.

नाना लष्करातून निवृत्त. वीस वर्षं त्यांनी मेसमध्ये साहेबलोकांना वाइन वाढलेली. लेबल साहेबांकडे करायचं, थेंबभर चाखायला द्यायची, साहेबांनी मान डोलावली की मग पेला भरायचा. गावात दारूबंदी, त्यामुळे ही सगळी विद्या रॉकेल, मध आणि काकवीवर खर्ची पडायची. मी शेजारचा शाळामास्तर. माझी शाईची दौतसुद्धा त्यांनी एकदा 'कच्ची हाय' म्हणून नापास केली होती.

अशात सांगलीहून त्यांच्या जुन्या कर्नलसाहेबांच्या मुलीची लग्नपत्रिका आली. साहेबांच्या घरचं पहिलंच आवतण. नाना आठवडाभर ती खिशात घेऊन हिंडले.

"मास्तर, आहेर चुकला तर साहेब म्हनतील, दौलतला इतक्या वर्सांत काय बी कळलं न्हाई."

"पण नाना, लग्नात बाटली?"

"तांब्याभांडं कोन बी दील."

वाइन मिळणार कुठून? वैद्यांकडे द्राक्षासव मिळायचं. द्राक्षाचंच की ते, मुरवलेलं! नानांनी तीन दिवस वैद्यांचं डोकं खाल्लं.

"कोनच्या सालचं?"

"गेल्या महिन्यातलं. ताजं आहे."

"ल्हान हाय अजून. थोरलं काडा."

"अहो, खोकल्याचं औषध आहे ते!"

शेवटी वरच्या फळीवरची, वैद्यही विसरलेली एक बाटली खाली आली. नानांनी ती हुंगली आणि डोळे मिटले. "बोलली." वैद्य धूळ पुसायला गेले तर त्यांच्यावरच खेकसले, "ऱ्हाऊ द्या, तिचं वय हाय ते."

लग्नाला त्यांनी मलाही सोबत नेलं. मांडवात मात्र नानांचं अवसान गळालं. आहेरातल्या चांदीच्या समया बघून त्यांनी बाटली काखेत दडवली, पंचा हातावर टाकला आणि सवयीनं पंगतीत पाणी वाढायला लागले. मी खुणावलं, पण ऐकतात कुठले.

साहेबांनीच त्यांना ओळखलं. हाताला धरून शेजारच्या पाटावर बसवलं, काखेतली बाटली काढून घेतली आणि धूळ पाहून हसले. मग नानांचा पंचा स्वतःच्या हातावर टाकला, लेबल नानांकडे केलं आणि वाटीत थेंबभर ओतलं.

"दौलत, चाखून सांग. वाढू का?"

नानांनी चाखलं. नुसती मान डोलावली.

परतताना एस.टी.त मी विचारलं, "कसं होतं, नाना?"

"लय आंबाट." नाना मांडीवर पंच्याची घडी घालू लागले. "आंबाट असतंय का ग्वाड, मला काय ठावं, मास्तर? वीस वर्सं नुसतं वतलं. तू चाख, असं कवा कुनी म्हनलंच न्हवतं."

पंच्यानं त्यांनी डोळे पुसले.

"बाटली बरी निवडली हुती, न्हाई?"

"चांगली निवडली होती, नाना," मी म्हणालो.