बिनधुराची वास्तुशांत

"आई, माझ्या काड्या कुठायत?" वल्लरी गच्चीतूनच ओरडली.

"कसल्या काड्या गं?" खालून इंदिराबाई.

"द्राक्षाच्या! वाळत घातलेल्या!"

आता या काड्या म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. बागेच्या छाटणीत निघणाऱ्या लाकडात साखर दडलेली असते, पण लिग्निन नावाचा चिवट डिंक तिला असा धरून बसतो की ती सोडवणाऱ्या एन्झाइमला आत शिरताच येत नाही. तो डिंक काढायला वल्लरीनं सायखेड्याच्या बागांतून काड्या आणल्या, वीतवीतभर कापल्या, कॉस्टिक सोड्यात उकळल्या, धुतल्या. किती घाणे वाया गेले, तेव्हा कुठे हा एक जमला. आज दुपारी लॅबमध्ये तो दळून एन्झाइम घालायचं होतं. नाहीतर फेलोशिपच्या मुदतवाढीवर तिचे गाईड खैरनार सर सही करणार नव्हते. "कारणं नकोत, सँपल हवं," असं त्यांनी बजावलंच होतं.

"अगोबाई! त्या तुझ्या होत्या?" इंदिराबाईंनी कपाळाला हात लावला. "मी ह्यांच्या पिशवीत भरल्या की!"

वल्लरीचे बाबा, ढुंढिराजगुरुजी, पंचवटीतले भिक्षुक. त्यांच्या होमाच्या समिधाही त्याच गच्चीत वाळायच्या, तशाच वीतभर, तशाच जुडी बांधलेल्या.

"आई, समिधा आणि सँपल यातला फरक कळत नाही तुला?"

"न कळायला काय झालं? ह्यांच्या मेल्या गाठाळ, मातकट. तुझ्या कशा धुतल्या तांदळासारख्या! म्हटलं, मोठ्या माणसाकडचं कार्य आहे, जरा चांगल्या जाऊ देत."

हा मोठा माणूस म्हणजे खुद्द खैरनार सर. त्यांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, आणि गुरुजी म्हणून बाबांचं नाव वल्लरीनंच सुचवलं होतं!

तिनं बाबांना फोन लावला. तो देव्हाऱ्याजवळ वाजला. मग स्कूटी काढली, तर द्वारका चौकात ट्रॅफिकनं छळ मांडलेला. पाथर्डी फाट्याला सरांच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन चुकलं होतं.

सर सोवळं नेसून कुंडापुढे बसले होते. बाबा "स्वाहा" म्हणत होते आणि सर मोठ्या भक्तिभावानं तिचं सँपल अग्नीत घालत होते. वर प्रत्येक वेळी "इदं न मम", हे माझं नव्हे! खोटं काय होतं त्यात?

"बाबा!" ती कुजबुजली. बाबांनी मंत्र न तोडता डोळे वटारले. समिधा पाहून त्यांनाही शंका आली होती, पण यजमानासमोर पिशवी उपसून बघायची कशी? वल्लरी सरांच्या बायकोपाशी, योगिनीवहिनींपाशी जाऊन बसली.

"बघ ना, धूर म्हणून नाही!" योगिनीवहिनी हरखून म्हणाल्या. "कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही!"

वल्लरीच्या होतं.

"गुरुजी, कमाल आहे तुमच्या समिधांची," सरांमधला शास्त्रज्ञ जागा झाला. "धूर बराचसा लिग्निनचाच. यात तर ते उरलेलंच दिसत नाही! वल्लरी, बघून घे, असं निघायला हवं लिग्निन! तुझं सँपल कुठाय?"

वल्लरीनं कुंडाकडे बोट दाखवलं. "ते काय, सर. तुम्हीच घालताय."

सरांनी कुंडाकडे पाहिलं, मग हातातल्या शेवटच्या काडीकडे. काडी त्यांनी झटकन मागे घेतली.

"अंहं," बाबा गरजले, "उचललेली आहुती परत घेता येत नाही. स्वाहा!"

बिचाऱ्यांना तीही घालावी लागली.

पूर्णाहुती उरकताच सरांनी वल्लरीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"सँपल पुन्हा करायला किती दिवस लागतील?"

"महिना, सर."

"दोन घे. सही करतो. पण कॉलेजात अवाक्षर काढू नकोस."

वल्लरीला रडू आणि हसू एकदमच आलं. ती वळली, तेवढ्यात सरांनी बाहेरचा कानोसा घेतला आणि आवाज आणखी खाली आणला.

"आणि हे बघ, दोन जुड्या जास्तीच्या उकळ. मेव्हण्याची पण वास्तुशांत आहे."