दारूबंदीची ॲम्बेसेडर

"आजी, यंदाच्या रॅलीत तू चालाचं नाई. आजोबाच्या गाडीत बसून जाशीन! आन गाडी अशी करून आनतो का लोकं रॅली सोडून गाडीच्याच मांगं लागतीन!"

कुलदीपनं हे भर अंगणात जाहीर केलं. त्यातला शेवटचा भाग इतका खरा होईल, हे त्याला कुणी तेव्हाच सांगितलं असतं तर त्यानं गाडीला हातही लावला नसता.

गाडी म्हणजे पांढरी ॲम्बेसेडर. जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून त्याची आजी, केसरबाई, गावोगाव फिरली ती याच गाडीतून. टपावर भोंगा, आत दाटीवाटीनं बाया आणि मागून ढकलायला आजोबा! पुढे बंदी आली, आजोबा गेले, गाडी परसात उभी राहिली आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्यांनी पिढ्यानपिढ्या संसार केले. इकडे दरसालची रॅलीही आटत गेली. मागच्या वर्षी महिला मंडळाच्या मोजक्या बाया आणि एक कुत्रा होता. कुत्रासुद्धा अर्ध्यातून परत गेला.

"यंदा लोकं नाई आले तं माही ही शेवटची रॅली," केसरबाईंनी सांगून टाकलं होतं. आजीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. म्हणून तर कुलदीपची धावपळ.

अहेरीच्या बाहेर, जंगल सुरू होतं तिथं मुखरूचं गॅरेज होतं. मुखरू खरा ट्रॅक्टरवाला. पण मोबाइलवर त्यानं कुणा गोऱ्या माणसाला गंजकी मोटार चकाचक करताना पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी पाटी लावली, 'जुनी गाडी नवी करून भेटेल.'

"मुखरूभाऊ, गाडी उन्हात नोका ठेवू," गाडी सोपवताना कुलदीप म्हणाला.

"उन्हात? अजी, घरच्या पोरीसारखी सावलीत ठेवतो!"

आणि त्यानं ठेवलीही. गॅरेजमागच्या भल्यामोठ्या मोहाच्या झाडाखाली! तेव्हा थंडी होती आणि झाड पानांनी गच्च होतं. पुढे पानं गळाली आणि फुलं टपकायला लागली. मुखरूची आई रुखमा पहाटेच टोपली घेऊन ती वेचायची. पण वाळत घातली की गाई खायच्या, वानरं पळवायची, एकदा तर अस्वल येऊन पाहुणचार घेऊन गेलं. आणि दारातच चार दरवाज्यांची, कुलपाची, पोलादी कोठी उभी! रबर बदलायला मुखरूनं काचा काढलेल्या, म्हणजे हवाही खेळती. रुखमानं खिडक्यांना जाळी बांधली. पुढची सीट भरली, मागची भरली, मग डिक्की भरली. मग एक अवकाळी पाऊस आला. मग कडक ऊन पडलं. पुढचं काम फुलांनी कुणाला न विचारता केलं.

रॅलीच्या सकाळी कुलदीप गाडी आणायला गेला. गाडी आरशासारखी चमकत होती. मुखरू मात्र नजर देत नव्हता.

"भाऊ, वास कायचा येऊन राह्यला?"

"पालिशचा."

"आन ह्या उदबत्त्या?"

"पूजा केली ना गाडीची."

"मंग फिनाईल काऊन?"

"पूजा मोठी केली."

सकाळच्या गारव्यात गाडी शुद्धीवर होती. केसरबाई पांढरं पातळ नेसून मागं बसल्या, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुहे आजोबा असते तं आज त्यायले ढकलाचं काम नसतं पडलं." कुलदीपचा ऊर भरून आला.

ऊर भरेपर्यंत ऊन वर आलं. टप तापला. सीटमधल्या काथ्यानं जे काही आठवडेच्या आठवडे पिऊन ठेवलं होतं, ते सगळं ओकायला सुरुवात केली.

"दारू सोडा!" भोंगा गरजला.

बसस्टँडजवळ वामनराव चहा पीत होते. रिटायर्ड बाबू, इस्त्रीचा सदरा, 'मी सोडली' असं दर महिन्याला सांगणारे. त्यांचं नाक एकदम वर झालं. कप तसाच ठेवून ते गाडीमागं निघाले.

"गाडी मोठी सुंदर आहे हो!" ते डोळे मिटून म्हणाले.

न्हाव्याकडून एक जण अर्ध्या दाढीनं उठला. पानठेल्यावरची गर्दी उठली. बाजारात पोचेपर्यंत अख्ख्या गावचे पुरुष गाडीमागं, आणि गाडीजवळची जागा सुटू नये म्हणून जीव तोडून ओरडताहेत, "संसार जोडा!"

कुलदीपनं आरशात पाहिलं. एवढी माणसं! पण आता तो वास कशाचा, हे त्यालाही कळलं होतं. तेवढ्यात चौकात हवालदारानं हात केला.

"उतर खाली! किती पेला?"

"साहेब, मी चहा बी नाई पेलो!"

हवालदारानं यंत्रात फुंकायला लावलं. यंत्र गप्प. परत फुंकायला लावलं. गप्प! शेवटी त्यानं सहज यंत्र सीटजवळ नेलं, तर ते जे कोकलायला लागलं!

"आता हे काय होय बे? मानूस कोरा आन गाडी टाईट?"

रॅलीतून रुखमा धावत आली. "साहेब, डिक्की खोला जी! माही टोपली आतच राह्यली. मोहफुलं वाळाले याच गाडीत ठेवले होते मी!"

दारूबंदीची गाडी, आणि आत मोहाची भट्टी! कुलदीपला वाटलं, आजीची सगळी पुण्याई आपण एका गॅरेजात घालवली.

केसरबाई हळूच उतरल्या. एकदा सीट हुंगली. मग मागं वळून त्या गर्दीकडं पाहिलं, पार बाजाराच्या टोकापर्यंत. आणि माइक हातात घेतला.

"गाडी आवडली ना सगळ्यायले? मंग बसा इथीच!"

सगळे बसले. आजी दुपार कलेपर्यंत बोलली. एक माणूस हलला नाही. पंचनामा करतो म्हणून गाडीत बसलेला हवालदारही उतरला नाही. शेवटी वामनरावांसकट सगळ्यांनी हात वर करून दारू सोडायची शपथ घेतली आणि एकदमच एक लांब, खोल श्वास ओढला.

घरी आल्यावर कुलदीप मान खाली घालून म्हणाला, "आजी, चुकलंच माहं. उद्याच काथ्या काढून फेकतो, नवा फोम टाकतो."

"हात तं लावून पाहाय सीटले!" केसरबाई गुडघ्याला तेल चोळत म्हणाल्या. "आन पुढच्या साली गाडी मुखरूकडंच देजो. झाड तेच पायजे."