चौदा शुभेच्छुक आणि एक सनद

संचिताची सनद गुजरातची आणि सासर भाईंदरचं. वलसाडला वकिली करणारी ही मुलगी सुयोगशी लग्न करून भाईंदरच्या नवघर गावात आली, तेव्हा सनद महाराष्ट्रात बदलून घेणं आलंच. तिने बार कौन्सिलकडे अर्ज केला आणि मंजुरीचं पत्र येईपर्यंत गप्प बसायचं ठरवलं. पण धर्माशेठ ज्या घरात सासरे आहेत, त्या घरात गप्प बसणं फक्त देवघरातल्या देवांनाच जमतं.

एका सकाळी ती भाजीला निघाली आणि नाक्यावर तिला तीच दिसली. फ्लेक्सवर, काळ्या कोटात, सुयोगपेक्षा उंच. ‘महाराष्ट्रात वकिली सुरू केल्याबद्दल अ‍ॅड. संचिता यांचे हार्दिक अभिनंदन. कोर्टाच्या कामासाठी भेटा.’ खाली मोबाईल नंबर, आणि त्याखाली गॉगल लावलेले भावकीतले चौदा शुभेच्छुक.

भाजी राहिली. ती तशीच घरी आली.

“पप्पा, तो फ्लेक्स उतरवा. वकिलाला जाहिरात करता येत नाही. कुणी तक्रार केली तर माझी सनद अडकेल.”

“कोन करतंय तक्रार? सगली आपलीच मानसा हायेत,” धर्माशेठ म्हणाले.

“आपलीच माणसं करतात, पप्पा. वलसाडला मी असल्याच केसेस चालवल्या.”

धर्माशेठ घाबरले. पण उतरवायचा म्हणजे शुभेच्छुकांचं काय? त्यांच्या चुलतभावाने, बाबाजीने, फोटोसाठी खास मिशी रंगवली होती. सुयोगच्या हळदीच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो टाकायचा राहिला, तर हाच बाबाजी न जेवता निघून गेला होता.

“उतरवला तं भावकी तुटंल, पोरी,” ते कळवळून म्हणाले.

शेवटी तोडगा निघाला. शुभेच्छुक ठेवायचे, फक्त संचिता झाकायची. धर्माशेठ स्वतः शिडीवर चढले आणि सुनेवर, नावावर, वकिलीच्या मजकुरावर, नंबरावर पांढरा कागद चिकटवून आले. आता वर ‘हार्दिक अभिनंदन’, मधे कोरं, खाली चौदा हसरे चेहरे.

दुपारीच शेजारच्या शालूकाकू आल्या. “रुक्मिणी, सून गेली का गो माहेरी?”

“घरात हाय. भाकऱ्या थापते,” सासूबाई म्हणाल्या.

“मंग फोटो कशाला झाकला? आन भावकी हसते कशाला?”

संध्याकाळी वलसाडहून संचिताच्या आईचा रडत फोन आला. सुयोगला ऑफिसमधल्या मित्राने बाजूला घेऊन विचारलं, “भाई, घटस्फोटाला चांगला वकील देऊ का?”

“माझी बायकोच वकील आहे.”

“मग अवघड आहे रे तुझं.”

रुक्मिणीबाई वैतागून नवऱ्याला म्हणाल्या, “काढा तो कागद. गावात तोंड दाखवायची सोय न्हाय.”

“पत्र येईपर्यंत हात लावू नका, आई,” संचिता म्हणाली. तिला खरंच भीती वाटत होती. सनद अडकली तर इतकी वर्षं शिकलेलं सगळं कपाटात टांगलेल्या कोटासारखं पडून राहणार होतं.

पत्र आलं. सनद महाराष्ट्राची झाली. रुक्मिणीबाईंनी ते देवापुढे ठेवलं आणि संचिता तिथेच बसून थोडी रडली. धर्माशेठ फ्लेक्स उतरवायला शिडी घेऊन निघाले, तर दारात बाबाजीकाका घामाघूम उभे, हातात कागद. मागे सगळी भावकी, प्रत्येकाच्या हातात तसाच कागद. बेकायदा फ्लेक्सबद्दल पालिकेने नोटिसा काढल्या होत्या, आणि फ्लेक्सवर जे जे चेहरे दिसले, त्या सगळ्यांना काढल्या होत्या.

“पोरी, नीट बघ,” बाबाजीकाकांनी मोबाईलवरचा फ्लेक्स पुढे केला. “ह्यो फोटो माजा वाटतो का तुला?”

“काका, खाली तुमचं नाव आहे.”

“नाव काय, कुनाचा बी असतं. आन मी गॉगल लावतच न्हाय.”

मागून सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातही गॉगल कुणीच लावत नव्हतं.

रुक्मिणीबाई हळूच सुनेच्या कानाशी लागल्या. “पहिल्याच दिवशी चौदा जना. ही जाहिरात व्हईल का गो? परत काय अडकायचा तुजा?”

“जाहिरात कसली, आई? त्या फ्लेक्सवर मी कुठे आहे?”

संचिताने कपाटातून कोऱ्या वकीलपत्रांचा गठ्ठा काढला, वरचं वकीलपत्र बाबाजीकाकांपुढे सरकवलं आणि पेन दिलं.

“सही करा, काका. ह्याला फोटो लागत नाही.”